रेडिंगच्या घरातला हीट पंप : दोन हिवाळ्यांचा हिशेब

इंग्लंडमधल्या रेडिंग येथे आमचे 1930च्या दशकात बांधलेले, एका बाजूने शेजाऱ्यांच्या भिंतीला चिकटलेले तीन बेडरूमचे घर आहे. भिंतींच्या पोकळीत आधीच्या मालकांनी इन्सुलेशन भरून घेतले होते, माळ्यावर 270 मिलिमीटर जाडीची लोकर अंथरलेली होती आणि खिडक्यांना दुहेरी काचा होत्या. नोव्हेंबर 2023मध्ये या घरातला सोळा वर्षे जुना गॅस बॉयलर काढून आम्ही बाहेरच्या हवेतून उष्णता ओढून घेणारा 7 किलोवॅटचा हीट पंप बसवला. दोन हिवाळे वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की यंत्र उत्तम आहे, पण बसवणाऱ्याने ते ज्या सेटिंगवर सोडून दिले होते त्या सेटिंगवर ते गॅसपेक्षा महाग पडत होते, आणि हे आम्हाला कळायला अख्खा एक हिवाळा गेला.

सुरुवातीला दोन कंपन्यांकडून अंदाजपत्रके मागवली. पहिल्या कंपनीचा माणूस पंधरा मिनिटांत घर फिरून गेला आणि निव्वळ क्षेत्रफळावरून त्याने 12 किलोवॅटचे यंत्र सुचवले. दुसऱ्या कंपनीच्या माणसाने तीन तास घेतले; प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी, खिडक्यांची मापे, बाहेरच्या बाजूच्या भिंती किती, हे सगळे टिपून घेऊन त्याने बाहेर उणे 2 अंश असताना घराला 6.2 किलोवॅट उष्णता लागेल असा खोलीवार हिशेब दिला. गरजेपेक्षा मोठे यंत्र सौम्य थंडीत सारखे चालू-बंद होत राहते आणि विनाकारण वीज खाते, हे त्यानेच समजावून सांगितले. काम अर्थातच त्याच्या कंपनीला दिले. एकूण खर्च 12,900 पाउंड आला. त्यात पाच मोठे रेडिएटर, म्हणजे आतून गरम पाणी फिरवून खोली तापवणारे भिंतीवरचे पत्रे, आणि 200 लिटरची गरम पाण्याची टाकी धरलेली होती. सरकारच्या बॉयलर अपग्रेड स्कीमचे अनुदान ऑक्टोबर 2023मध्ये 5,000 वरून 7,500 पाउंड झाले होते, आणि ते कंपनीच परस्पर मिळवून बिलातून वजा करते, त्यामुळे आमच्या खिशातून 5,400 पाउंड गेले. अशा कामावर मार्च 2027पर्यंत व्हॅट नाही. पैशांत न मोजता येणारी किंमत म्हणजे बेडरूममधले एक भिंतीतले कपाट, जे टाकीने गिळले.

आता मुख्य मुद्दा. फ्रीज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तेच काम हे यंत्र उलट्या दिशेने करते. म्हणून एक युनिट वीज खर्चून तीन-चार युनिट उष्णता मिळते. हे प्रमाण, म्हणजे सीओपी, रेडिएटरकडे किती गरम पाणी पाठवायचे यावर अवलंबून असते, आणि ते तापमान एक अंशाने उतरवले की साधारण दोन-अडीच टक्के वीज वाचते. आमच्याकडे पाण्याचे तापमान कायमचे 50 अंशांवर बांधून ठेवलेले होते, बाहेर 12 अंश असोत की शून्य. शिवाय आम्हीही गॅसच्या सवयीने वापरात नसलेल्या खोल्यांच्या रेडिएटरची चावी बंद ठेवत होतो आणि रात्री सगळेच बंद करत होतो. पहिल्या वर्षाचा सीओपी भरला 2.8.

दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर मी माहितीपुस्तिका नीट वाचून काढली आणि वेदर कॉम्पेन्सेशन नावाची सोय सुरू केली. तिच्यात बाहेरच्या तापमानानुसार पाण्याचे तापमान आपोआप बदलते. आमच्याकडे बाहेर उणे 2 असताना 43 अंश आणि 15 असताना 28 अंश अशी रेषा तीन आठवड्यांच्या खटपटीनंतर जमली. चाव्या उघड्या ठेवल्या आणि रात्री फक्त दोन अंश उतार दिला. सीओपी 3.5 झाला. बसवणाऱ्या तंत्रज्ञाने वीस मिनिटे जास्त थांबून हे करून दिले असते, तर या परीक्षणातला निम्मा मजकूर लिहावा लागला नसता.

दोन्ही वर्षांची तुलना सरळ व्हावी म्हणून जानेवारी ते मार्च 2025मधले ऑफजेम या ब्रिटनच्या ऊर्जा नियामक संस्थेने ठरवलेल्या कमाल मर्यादेतले दर धरते : वीज 24.86 पेन्स, गॅस 6.34 पेन्स प्रति युनिट (दोन्हीकडे युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास), आणि गॅसच्या जोडणीचा स्थिर आकार दिवसाला 31.65 पेन्स. पूर्वी आम्ही वर्षाला 13,500 युनिट गॅस जाळत होतो. त्याचे स्थिर आकारासह 971 पाउंड होतात. जुन्या बॉयलरची कार्यक्षमता 85 टक्के धरली, तर घराला प्रत्यक्षात साडेअकरा हजारांच्या आसपास युनिट उष्णता मिळत होती, आणि हीट पंपच्या मीटरवरही साधारण तेवढाच आकडा दिसतो. त्यासाठी पहिल्या वर्षी 4,100 युनिट वीज लागली, म्हणजे 1,019 पाउंड; दुसऱ्या वर्षी 3,280 युनिट, म्हणजे 815 पाउंड. एकदा 48 पाउंडांचा तोटा, एकदा 156 पाउंडांची बचत, आणि यंत्र तेच. इथे वीज गॅसच्या जवळजवळ चौपट महाग असल्यामुळे ही किमया फार ताणता येत नाही, आणि केवळ पैसे वाचवण्यासाठी कोणी धडधाकट बॉयलर काढावा असे मी म्हणणार नाही.

खरा फरक पडला तो घरातल्या उबेत. बॉयलर असताना सकाळी दोन तास आणि संध्याकाळी पाच तास घर तापायचे आणि मधल्या वेळात गार पडायचे. पहाटे अंगावर शाल घेतल्याशिवाय खाली उतरता येत नसे. आता दिवसभर 20 अंश असतात, खिडकीच्या कोपऱ्यात दर जानेवारीत धरणारी काळी बुरशी या वर्षी दिसली नाही, आणि पायाला जमीन बोचत नाही. मात्र ही ऊब दिसत नाही. कोल्हापूरहून आलेल्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी रेडिएटरवर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, “अगं, हे बंद पडलंय वाटतं.” रेडिएटर 36 अंशांवर होता, म्हणजे हातापेक्षा जेमतेम गरम. भिंतीवरचा थर्मामीटर दाखवल्यावर त्यांची खात्री पटली, पण रेडिएटरला पाठ टेकून शेकत बसण्याचे सुख गेले, ही त्यांची तक्रार रास्त आहे.

बाहेरच्या यंत्राचा आवाज पुण्यात आमच्या एसीच्या बाहेरच्या युनिटपेक्षा कमी आहे, आणि शेजाऱ्यांनी कधी कुरकुर केलेली नाही. शून्य ते चार अंशांच्या दमट हवेत मात्र त्याच्या जाळीवर बर्फ धरतो. मग पंखा थांबतो, यंत्र काही मिनिटे उलटे चालून बर्फ वितळवते आणि वाफेचा मोठा लोट उठतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा आग लागली असे वाटून मी चपलांशिवाय बाहेर धावले होते. या वितळलेल्या पाण्याची नळी कंपनीने बाजूच्या वाटेवर मोकळी सोडली होती. जानेवारीत तिथे काचेसारखा थर गोठला आणि पोस्टमन पडता पडता वाचला. दोनदा तक्रार करूनही कोणी फिरकले नाही, तेव्हा आम्हीच खड्डा खणून खडी भरली आणि नळी त्यात सोडली.

गरम पाणी 48 अंशांवर ठेवतो आणि जंतूंच्या भीतीने आठवड्यातून एकदा 60 अंशांवर नेतो. चौघांच्या आंघोळी लागोपाठ होतात. पाचव्या माणसाला तासभर थांबावे लागते, निदान शॉवरखाली उभे राहायचे असेल तर. बादली-तांब्यावाल्यांची अडचण होत नाही.

बचतीच्या हिशेबात गॅसचा स्थिर आकार वाचतो असे मी धरले आहे, पण तो वाचवायचा तर गॅसची शेगडीही काढावी लागते, आणि हे अंदाजपत्रकात कोणी लिहीत नाही. आम्ही इंडक्शन घेतली. फुलके तव्यावरच कापडाने दाबून फुगवायला मी शिकले, पापड ओव्हनच्या ग्रिलखाली भाजतो. भरताच्या वांग्यासाठी मात्र बागेत कॅम्पिंगची छोटी शेगडी काढावी लागते, आणि जानेवारीच्या संध्याकाळी चिमटा हातात धरून, छत्रीखाली, शेजारी घरघरणाऱ्या हीट पंपच्या गार झोतात ते काम कोणी करायचे यावर आमच्याकडे अजून एकमत झालेले नाही.