मुक्कामी प्रवासासाठी जुनी फोर बाय फोर: सफारी स्टॉर्म वर्षभर वापरल्यानंतर

जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणारी गाडी, घेऊन ती लांबच्या मुक्कामी प्रवासासाठी तयार करायची असे ठरले की माणूस पहिल्या दिवसापासून चिखल, नाले आणि खडक यांचाच विचार करू लागतो. वर्षभराच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की हा विचार यादीत बराच खाली असावा. अशा गाडीने कापलेल्या अंतरातला फारच थोडा भाग फोर बाय फोरमध्ये जातो. उरलेला सगळा काळ ती पाणी, अंथरूण, बॅटरी, शिधा आणि माणसे यांचे ओझे घेऊन महामार्गावर किंवा उखडलेल्या डांबरी रस्त्यावर धावत असते. म्हणून जुनी गाडी निवडताना ती किती वजन न दमता वाहील आणि तिच्या चेसिसने आजवरचे आयुष्य कुठे काढले, हे दोन प्रश्न मी सर्वांत वर ठेवतो.

मी घेतलेली गाडी २०१७ सालची टाटा सफारी स्टॉर्म आहे. व्हॅरिकॉर ४०० हे २.२ लिटरचे डिझेल इंजिन, सहा गिअर आणि फिरवायच्या बटनावर चालणारी फोर बाय फोर यंत्रणा, असा तिचा संच आहे. स्टॉर्म २०१२ मध्ये बाजारात आली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्यामुळे आज मिळणारी प्रत्येक गाडी जुनीच असते आणि तिची किंमत मॉडेलपेक्षा तिच्या प्रकृतीवर ठरते. फोर बाय टू, म्हणजे दोनच चाकांना ताकद देणाऱ्या स्टॉर्म पुष्कळ मिळतात, पण फोर बाय फोर शोधायला धीर लागतो.

निवडीच्या वेळी इतर गाड्याही गांभीर्याने पाहिल्या होत्या. मारुती जिप्सी हलकी आहे, तिचे यंत्र साधे आहे आणि डोंगरातला कोणताही मिस्त्री ती उघडू शकतो. परंतु १.३ लिटरचे पेट्रोल इंजिन, चारही बाजूंना कमानपाटे आणि मागची अपुरी जागा यांमुळे दोन माणसांनी त्यात आठवडे काढणे कठीण आहे. २०२० च्या आधीची महिंद्रा थार खडकाळ वाटेवर उत्तम चालते, मात्र समोरासमोरची मागची बाके काढून टाकल्याशिवाय तिच्यात झोपण्याची सोय होत नाही आणि कापडी टपाखाली सामान सुरक्षित राहत नाही. माझ्या दृष्टीने सर्वांत जवळची स्पर्धक इसुझू व्ही-क्रॉस होती. ओझे वाहण्यासाठीच बांधलेली ही गाडी मला आजही आवडते, पण तिची लांबी ५ मीटर २९५ मिलिमीटर आहे, जुन्या बाजारातही तिचा भाव फारसा उतरत नाही आणि मागच्या हौद्यावर वेगळे छत बसवल्याशिवाय आत मुक्काम करता येत नाही. स्टॉर्मला शिडीच्या आकाराची स्वतंत्र चेसिस आहे, मागे कॉइल स्प्रिंग आहेत, चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत आणि मागच्या सीट काढल्या की एका उंच माणसाला पाय लांब करून झोपता येईल एवढी सपाट जागा मिळते. शेवटच्या गोष्टीने निर्णय झाला.

गाडी पाहायला जाताना मी रंग, सीटकव्हर आणि म्युझिक सिस्टीम यांकडे जाणीवपूर्वक पाठ केली आणि प्रत्येक गाडी आधी रॅम्पवर चढवून घेतली. चेसिसचे आडवे तुळईसारखे भाग जिथे लांब पट्ट्यांना जोडलेले असतात, तिथे आतल्या बाजूला चिखल साचून राहतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. बाहेरून काळा रंग मारलेला असला तरी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेले की चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो आणि सडलेल्या जागी तो बद्द होतो. किनारपट्टीवर वाढलेल्या दोन-तीन गाड्या मी याच कारणाने सोडल्या. त्यांतल्या एकीचे इंजिन मी नंतर घेतलेल्या गाडीपेक्षा चांगले होते, तरीही सोडली, कारण इंजिन उतरवून दुरुस्त करता येते, पण आतून पोखरलेली चेसिस विश्वासाने दुरुस्त होत नाही. नव्याने मारलेला अंडरकोटिंगचा जाड थर हा माझ्यासाठी समाधानाचा नव्हे, संशयाचा विषय असतो.

फोर बाय फोर यंत्रणा तपासणे हे दुसरे मोठे काम. विकणारा बटन फिरवून डॅशबोर्डवरचा दिवा दाखवतो आणि यंत्रणा चालू असल्याचे सांगतो, पण दिवा लागणे आणि पुढच्या चाकांना ताकद पोचणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मोकळ्या मातीच्या मैदानावर फोर हायमध्ये (चारही चाके, नेहमीचा वेग) टाकून स्टिअरिंग पूर्ण वळवावे आणि अगदी सावकाश गोल फिरावे. यंत्रणा खरोखर गुंतली असेल, तर गाडी अडखळल्यासारखी ओढते, कारण या प्रकारात पुढच्या व मागच्या ॲक्सलच्या फिरण्याच्या वेगातला फरक सामावून घेणारा मधला डिफरन्शियल नसतो. याच कारणाने कोरड्या डांबरावर फोर हाय लावून चालवू नये; पुढचे आणि मागचे शाफ्ट एकमेकांविरुद्ध पिळले जातात. त्यानंतर गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये क्लच दाबून फोर लो (चारही चाके, कमी वेग पण जास्त ओढ) लावावा आणि उतारावर पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता गाडी सोडून पाहावी. ती इंजिनच्या जोरावर चालीने उतरली पाहिजे. शहरात वापरलेल्या गाड्यांमध्ये फोर लो वर्षानुवर्षे लावलेलाच नसतो, त्यामुळे ट्रान्सफर केसवरची, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीवरची, शिफ्ट मोटर अडकून बसते. माझ्या गाडीत नेमके हेच होते. व्यवहाराच्या वेळी ती त्रुटी लेखी मान्य करवून तेवढी रक्कम किमतीतून वजा करून घेतली.

तेलही बोलते. दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस यांचे थोडे तेल काढून बोटांवर पाहावे. दुधासारखा रंग म्हणजे आत पाणी शिरलेले आहे आणि गाडी खोल पाण्यातून गेल्यावर कोणी तेल बदललेले नाही. प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप असणे स्वाभाविक आहे. बोटाला टोचणारा धातूचा कण मात्र दातांच्या झिजेची खूण असतो. धावलेले किलोमीटर आकड्यावरून मानू नयेत. क्लच पेडलचे रबर, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड आणि टायरवरचा उत्पादनाचा आठवडा व वर्ष दाखवणारा चार अंकी शिक्का या तिन्हींची मीटरशी सांगड लागते का, ते पाहावे.

कागदपत्रांविषयी एक सूचना मला विशेष महत्त्वाची वाटते. दिल्लीत दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आदेश दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते उचलून धरले. त्यानंतर तिकडच्या डिझेल गाड्या एनओसीसह कमी भावात इतर राज्यांत येऊ लागल्या. समुद्रापासून दूर राहिलेल्या असल्याने त्यांच्या चेसिस पुष्कळदा निरोगी असतात, हे खरे आहे. मात्र महाराष्ट्रात नव्याने पासिंग करताना येथील रस्ताकर भरावा लागतो आणि नोंदणीची पंधरा वर्षे पहिल्या नोंदणीपासूनच मोजली जातात. ती रक्कम आणि उरलेली वर्षे हिशेबात धरली की स्वस्त वाटलेली गाडी तेवढी स्वस्त राहत नाही. मी महाराष्ट्रात नोंदलेली, घाटावरची गाडी घेतली.

आता बांधणीकडे येतो. गाडी घरी आल्यावर काहीही बसवण्याआधी टाकी भरून ती जवळच्या वजनकाट्यावर नेली. आधी पूर्ण गाडीचे वजन केले, मग फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून आणि नंतर फक्त मागची ठेवून पावत्या घेतल्या. हे काम अगदी किरकोळ पैशांत होते आणि त्याच्याइतका उपयोगी सल्ला मला दुसऱ्या कोणीही दिलेला नाही. लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) मिळून गाडीच्या नाकावर शंभर किलोच्या आसपास भार टाकतात. छतावरचा तंबू पन्नास ते सत्तर किलोचा असतो आणि तो सर्वांत उंच जागी बसल्याने वळणावर गाडी झुकते. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो. प्रत्येक वस्तू एकेकटी आवश्यक वाटते, पण गाडीच्या कमाल वजनाची मर्यादा त्या सर्वांची बेरीज पाहते, आणि प्रवासी व टाकीतले इंधन यांचे वजनही त्याच मर्यादेत बसावे लागते.

म्हणून मी तंबू, विंच आणि लोखंडी बंपर घेतले नाहीत. बंपरच्या बाबतीत कायद्याचेही कारण आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना क्रॅशगार्ड आणि बुलबारविरुद्ध कारवाई करण्यास सांगितले. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मर्यादा आहेत आणि जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिक स्पष्ट केल्या. त्यामुळे माझ्या गाडीत जे आहे ते बहुतेक आत आहे आणि बोल्ट सोडून काढता येण्याजोगे आहे: बारा मिलिमीटर मरीन प्लायचा पलंग, त्याखाली दोन खण, बारा व्होल्टवर चालणारा छोटा फ्रिज आणि १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. तेवढ्याच क्षमतेची लेड-ॲसिड बॅटरी तीस किलोच्या घरात जाते, ही बारा-तेरा किलोत भागते. ती इंजिनवर वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरला थेट जोडलेली नाही, मधे प्रवाह मर्यादेत ठेवणारा डीसी-टू-डीसी चार्जर आहे, कारण रिकामी लिथियम बॅटरी एकदम इतका प्रवाह ओढते की अल्टरनेटर तापतो.

सर्व काही बसल्यावर पुन्हा काट्यावर गेलो तेव्हा वाढलेले बहुतेक वजन मागच्या ॲक्सलवर आढळले. पाण्याचे कॅन मागच्या दारापाशी होते. ते पुढच्या सीटच्या लगेच मागे, जमिनीलगत आणले आणि जड हत्यारांची पेटीही तिथेच बसवली. एकही वस्तू कमी न करता गाडीची चाल बदलली. उंचवट्यावरून उतरताना मागचा भाग जो दोनदा डोलत असे, तो एकदाच डोलून स्थिर होऊ लागला. स्टॉर्मची स्टेपनी मागे तळाशी टांगलेली असते. चिखलात टेकलेल्या गाडीखालून ती काढणे जिकिरीचे असल्याने लांबच्या प्रवासात मी ती आत उभी बांधतो आणि त्यासाठी एका खणाची जागा सोडली आहे.

या तयारीची खरी परीक्षा स्पितीत झाली. किन्नौरच्या बाजूने चढत जाऊन काझा, लोसर, कुंझुम खिंड आणि पुढे बातल, छत्रू, ग्राम्फू असा रस्ता घेतला. काझाचा पंप ३,७४० मीटर उंचीवर आहे. तिथे टाकी काठोकाठ भरून घ्यावी, कारण पुढे कुंझुम चढून उतरेपर्यंत वेग फारच कमी असतो आणि डिझेल अंतरापेक्षा तासांच्या हिशेबाने जळते. साडेचार हजार मीटरच्या वरही टर्बोमुळे इंजिनाचा दम टिकला. फक्त कमी आरपीएमला, टर्बो जागा होण्याआधी, गाडी सुस्त वाटते आणि तीव्र वळणावर पहिला गिअर टाकावाच लागतो. बातल ते ग्राम्फू हा रस्ता म्हणजे बराचसा नदीतले गोटेच आहेत. तिथे मी टायरमधली हवा ३५ वरून २५ पीएसआयवर आणली आणि जवळजवळ सगळा पट्टा फोर लोमध्ये, धावण्याची घाई न करता पार केला. वितळणाऱ्या बर्फाचे पाणी दुपारनंतर वाढते, त्यामुळे हे नाले सकाळीच ओलांडायचे असतात. कोणतीही यंत्रणा या वेळापत्रकाला पर्याय ठरत नाही.

कच्छच्या रणाने वेगळा धडा दिला. वरून पांढरी, कोरडी दिसणारी मिठाची साय खाली मऊ चिखल झाकून असते आणि सव्वादोन टनांची गाडी तिच्यातून आत जाते, मग ती चार चाकांवर ओढणारी असो वा दोन. मी आखलेल्या वाटेबाहेर गेलो नाही. परतल्यावर मात्र त्याच दिवशी खालून दाबाच्या पाण्याने चेसिसच्या आतल्या पोकळ्या धुऊन घेतल्या. मीठ लागलेली गाडी न धुता एक पावसाळाभर ठेवणे म्हणजे निवडताना घेतलेले सगळे कष्ट वाया घालवणे आहे.

उणिवांबद्दलही लिहिले पाहिजे. भारलेल्या स्थितीत महामार्गावर लिटरला दहा-अकरा किलोमीटर मिळतात आणि डोंगरात आठ. गाव-बाजारातल्या बोळांत वळायला गाडी मोठी पडते. ताशी शंभरच्या पुढे वाऱ्याचा आवाज बोलण्यात अडथळा आणतो, म्हणून मी नव्वदवर चालवतो आणि डिझेलही वाचते. लांब उतारांवर ब्रेकवर विसंबून न राहता तिसऱ्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये उतरावे लागते. वर्षभरात मागच्या लिंक रॉडचे बुश, क्लचप्लेट आणि पुढच्या एका हबचे बेअरिंग बदलले. या वयाच्या व वजनाच्या गाडीला हे अपेक्षितच असते.

सुट्या भागांची स्थिती सध्या बरी आहे. फिल्टर, ब्रेक पॅड, बुश आणि क्लच सगळीकडे मिळतात. फोर बाय फोरपुरते असलेले भाग मात्र मागवावे लागतात आणि मॉडेल बंद होऊन वर्षे लोटतील तसे ते दुर्मीळ होणार. म्हणून शिफ्ट मोटर बदलून घेताना मी आणखी एक घेऊन ठेवली. तिच्याबरोबर पुढच्या ॲक्सलचे दोन ऑइल सील, फॅनबेल्ट, डिझेल फिल्टर आणि क्लचचा खालचा सिलिंडर एवढे सामान पलंगाखालच्या उजव्या खणात कायम असते, आणि त्याचे वजनही काट्यावरच्या बेरजेत धरलेले आहे.