हिवाळ्यातले रोजचे जलरंगचित्र : बांधलेली वही की सुटा ताव?

डिसेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रोज सकाळी एक निसर्गचित्र जलरंगात करायचे, हा नेम मी गेले चार हिवाळे पाळत आलो आहे. पहिले दोन बांधलेल्या वहीत आणि नंतरचे दोन सुट्या कागदांवर. असा नेम धरू पाहणारे बहुधा रंगांविषयी विचारतात, पण माझ्या अनुभवात नेम टिकण्याचा संबंध रंगांपेक्षा कागद कसा बाळगला याच्याशी अधिक आहे. कागद दोन्ही ठिकाणी ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड), कोल्ड प्रेस (किंचित खरबरीत पृष्ठभागाचा) आणि शक्यतो पूर्ण कापसाचा असेल, असे धरून चालतो.

वहीचे गुण खरे आहेत, म्हणून ते आधी सांगतो. नागपुरातल्या फुटाळा तलावाच्या पाण्यावरचे धुके डिसेंबरच्या मध्यावर किती दाट होते आणि संक्रांतीनंतर ते कसे विरत गेले, हे वहीची पाने उलटताना आपोआप दिसते. चुकलेला दिवस तारखांमधून लगेच डोळ्यांत भरतो. फसलेले चित्र बाजूला सारता येत नसल्यामुळे ते पुन्हा पुन्हा समोर येते आणि आकाश कुठे चिखलासारखे झाले, हे नीट कळते. अंबाझरी तलावाच्या बांधावरून दिसणारा पाण्याचा लांबट पट्टा दोन पानांवर पसरून घेता येतो. मधल्या शिवणीत रंग साचतो, पण ते चालवून घेता येते.

वहीशी माझे बिनसले ते वाळण्यावरून. धुके रंगवायचे तर कागद आधी पुरता भिजवून अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी यांच्या मिश्रणाचा करडा त्या ओलाव्यात सोडावा लागतो आणि तो आपल्या गतीने पसरू द्यावा लागतो. मे महिन्यात हा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, ब्रश धुऊन होईपर्यंत वाळलेला असतो. जानेवारीत तळ्याकाठी, गार आणि दमट हवेत, पाव तास झाला तरी कागद चमकतच राहतो. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, तसा तो दरवर्षी उतरत नाही, पण दहा-बारा अंशांची सकाळही पान ओले ठेवायला पुरेशी असते. अशाच एका सकाळी कार्यालयाची वेळ होत आली म्हणून मी वही मिटून पिशवीत ठेवली. तासाभराने उघडली, तेव्हा समोरच्या पानावर आदल्या दिवशी काढलेल्या सेमिनरी हिल्स या टेकडीवरच्या पानगळ झालेल्या सागांवर तळ्याची काठरेषा उलटी उमटली होती आणि नव्या चित्रातल्या धुक्याचा थर खरवडल्यासारखा निघून आला होता.

त्यानंतर मी फक्त उजव्या पानावर काम करू लागलो आणि मध्ये टिपकागद ठेवू लागलो. तरीही काही आठवड्यांनी एक गोष्ट लक्षात आली, आणि माझ्या दृष्टीने निर्णय तिथेच झाला. वही वेळेत मिटता यावी म्हणून मी नकळत पाणी कमी घेऊ लागलो होतो. धुक्याच्या कडा टणक होत चालल्या होत्या, झाडे कापून चिकटवल्यासारखी दिसत होती. ज्या ओलेपणासाठी हिवाळ्यातली सकाळ निवडली होती, तोच मी टाळत होतो.

सुट्या कागदाचा प्रकार साधा आहे. २२ × ३० इंचांचा एक ताव दोन्ही बाजूंनी चार-चार भागांत घडी घालून स्टीलच्या पट्टीवर फाडला, की साडेपाच बाय साडेसात इंचांचे सोळा तुकडे निघतात. हलक्या प्लायच्या फळीवर दोन तुकडे शेजारी शेजारी मास्किंग टेपने चारही कडांनी लावले, की एकाचे आकाश वाळेपर्यंत दुसऱ्याचे पाणी भिजवता येते आणि वाट पाहण्याचा वेळ हाताशी येतो. निघताना फळी स्कूटरच्या पायफळीवर आडवी ठेवली, की ओले चित्र तसेच घरी येते. कापसाच्या कागदाची मागची बाजूही रंग घेते, त्यामुळे फसलेला तुकडा उलटून वापरता येतो, आणि महागडे पान वाया जाण्याची जी भीती ब्रश अडवून धरते ती बरीच कमी होते.

तुकडे विखुरतात, ही तक्रार रास्त आहे. सुट्या कागदांच्या पहिल्या वर्षीच्या माझ्या कित्येक चित्रांची तारीख आज सांगता येत नाही. आता टेप लावण्यापूर्वीच मागे पेन्सिलीने तारीख, वेळ आणि जागा लिहितो आणि वाळलेले तुकडे संत्राबर्फीच्या रिकाम्या खोक्यात क्रमाने उभे ठेवतो. तरीही वही चाळण्याचे सुख खोक्यात मिळत नाही, हे मान्य करावे लागेल.

जे संध्याकाळी घरी, दिव्याखाली, आठवणीतून रंगवतात, किंवा ज्यांचा नेम दोन दिवसांच्या खाड्याने सुटतो, त्यांना कदाचित वहीच अधिक साथ देईल. उघड्यावर आणि ओल्यात काम करायचे असेल, तर वहीवर खर्च करण्याआधी एक ताव घेऊन पाहावा, असे मी सुचवेन. तुकडे रात्रीच फळीवर लावून ठेवावेत आणि फळी दाराशी, स्कूटरच्या किल्लीजवळ टेकवून ठेवावी. सकाळी अंधारात फक्त पाण्याची बाटली भरायची राहते.