मांडवा ते वेश्वी सायकलने: बोटी, ओहोटी आणि शेखाडीचा रस्ता

किनाऱ्याने दक्षिणेकडे जायचं तर पायांपेक्षा बोटींचं वेळापत्रक जास्त महत्त्वाचं. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणारी रो-रो (मोटारींसकट नेणारी बोट), पुढे आगरदांडा-दिघी आणि शेवटी बागमांडला-वेश्वी अशा तीन बोटी या वाटेवर लागतात. मुक्काम मुरूड आणि श्रीवर्धनला टाकले की अडीच-तीन दिवसांत आरामात होतं. मात्र पहिल्या दिवशी मांडवा ते मुरूड साधारण ७० किलोमीटर पडतात.

ऑक्टोबरमध्ये ऊन चटका देतं, म्हणून नोव्हेंबर बरा. त्यातही दिवाळीच्या सुट्टीचा आठवडा टाळा. काशीदला शनिवार-रविवारी मोटारींमधून सायकल काढणं हे काम आहे, सहल नव्हे. वाऱ्याचा हिशेब साधा आहे. पहाटे जमिनीवरून मतलई वाहतो, दुपारी वायव्येकडून खारा वारा उठतो. उत्तरेकडून दक्षिणेला निघालात तर दुपारचा वारा पाठीवर मिळतो. उलट दिशेने हीच सफर निम्म्याने जड जाते.

आता बोटी. रो-रोवर सायकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं, सुमारे तासाभराचा प्रवास, बाकी कटकट नाही. खरी परीक्षा खाडीवरच्या जंगलजेटीची, म्हणजे मोटारी नेणाऱ्या सपाट बोटीची. गर्दीच्या दिवशी मोटारींची रांग कितीही लांब असो, सायकल कडेने आत जाते. सायकलस्वाराला याहून मोठी सोय कोकणात दुसरी नाही! पण ओहोटीला रॅम्प (बोटीत जायचा उतार) तिरका होतो आणि एरवी पाण्याखाली असलेला शेवाळलेला भाग उघडा पडतो. क्लीट (पेडलमध्ये अडकणारी पट्टी) लावलेले बूट तिथे हमखास घसरतात. खाली उतरा, दोन्ही ब्रेक हातात ठेवा आणि सायकल ढकलत न्या. डेकवर डिझेलचे डाग असतात, म्हणून सायकल कठड्याला टेकवून मागच्या चाकातून पट्टा बांधा. स्टँडच्या भरवशावर सोडू नका, इंजिनाच्या थरथरीने ती हळूहळू सरकते.

ओहोटी कधी, हे कोळ्यांच्या हिशेबाने काढता येतं. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास, आणि त्या दिवसांत उधाणामुळे पाणी सर्वात खाली जातं. म्हणून पौर्णिमेला पहिली बोट पकडण्याचा अट्टहास करू नका, मध्यान्हीची सोपी. शेवटच्या बोटीची वेळ मात्र आदल्या दिवशी धक्क्यावर विचारून घ्यावी. ती चुकली तर आगरदांड्याहून दिघीला रस्त्याने म्हसळ्याकडून दिवसभराचा वळसा पडतो. बागमांडल्याला चुकली तर आंबेत-म्हाप्रळचा.

तिन्हींत आगरदांडा-दिघी उजवी. राजपुरी खाडीच्या तोंडाशी जंजिरा दिसतो आणि गाड्या उतरायच्या आधी सायकली सोडल्या तर पुढचा चढ मोकळा मिळतो. दिघीला बंदराचे ट्रक असतात, ते म्हसळ्याकडे जातात. आपण आदगाव-वेळासकडे वळून दिवेआगर गाठायचं. नकाशात वेळास शोधताना सावध! कासवांचं वेळास वेगळं, ते बाणकोटपलीकडे रत्नागिरी जिल्ह्यात आहे.

दिवेआगर ते श्रीवर्धन हा भरडखोल, शेखाडी, कोंडिवली, आरावीचा रस्ता म्हणजे या सफरीचा गाभा. पाणी उजव्या हाताला, काही ठिकाणी अगदी रस्त्याला लागून. भरडखोलला वाळत घातलेल्या मासळीचा वास नाकात बसतो, त्याला इलाज नाही. घाई असेल तर बाकी कुठेही वेळ वाचवा, इथे नको. सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, तेव्हा चार वाजता दिवेआगरहून निघालात की उजेडात पोचता.

सायकल कशी हवी? चढ आखूड पण खडे आहेत. मागच्या कॅसेटमध्ये (चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) सर्वात मोठी चकती ३४ दात्यांची, पुढे तेवढीच किंवा लहान चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती). रोडबाइकची ११ ते २८ दात्यांची कॅसेट घेऊन आलेले लोक चढावर सायकल ढकलताना दिसतात. टायर ३२ ते ३५ मिलिमीटर, ३५ला साधारण ५० ते ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा, कारण पावसाने उखडलेले कडेचे भाग नोव्हेंबरपर्यंत तसेच असतात. प्रेस्टा व्हॉल्व्हची (बारीक तोंडाची) ट्यूब गावात मिळत नाही, दोन सोबत घ्या. मोटारसायकलच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरायला पितळी अडॅप्टरही हवा. रिम ब्रेक असतील तर जांभ्याची लाल माती रबर खाते, नवे पॅड बसवूनच निघा. वाळूवर सायकल चालवायचा मोह आवरा. ओली वाळू चेनमध्ये शिरली की गिअर कुरकुरू लागतात आणि मिठाने रात्रीतून गंज धरतो. मुक्कामी गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, कोरडं पुसा, मग तेल.

जेवणाचं एकच सांगणं: खाणावळीत सकाळीच फोन करून ताटं सांगून ठेवा. दुपारी दोनला न सांगता गेलात तर सोलकढी आणि दिलगिरी मिळते.

वेश्वीला उतरल्यावर सकाळ असेल तर बाणकोट किल्ल्यावरून पुढे केळशीला जाता येतं. दुपार उलटली असेल तर तिथेच थांबा, पुढचे चढ थकलेल्या गुडघ्यांसाठी नाहीत.