लाकडाची कानस घ्यायची तर एकच घ्या, पण हाताने दात पाडलेली

बाबांच्या शिसवी आरामखुर्चीचा डावा हात मोडला आणि तो नवीन करायला घेतला, तिथून हे सगळं सुरू झालं. उजवा हात शाबूत होता त्यामुळे नमुना समोरच होता. पुढच्या टोकाला जिथे तळवा टेकतो तिथे तो छान गोल वळून खाली जातो, आणि ते वळण ना रंध्याने निघतं ना पटाशीने, तिथे कानसच लागते. आता कानस म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर लोखंड घासायचीच येते, पण ती वेगळी. मिरजेला तंबोऱ्याची जवारी काढतात त्या कानशीवर सलग रेघा असतात. लाकडाच्या कानशीवर, म्हणजे रास्पवर, रेघा नसतात, सुटे सुटे टोकदार दात असतात आणि प्रत्येक दात आपापलं लाकूड उकरतो. लोखंडाची कानस लाकडावर चालवून बघा, थोड्या वेळात रेघांमध्ये भुसा ठासून बसतो आणि मग ती नुसती घसरत राहते.

पहिली रास्प मी पुण्यात बोहरी आळीतून आणली. गल्लीत तीन दुकानं फिरलो. "लोखंडाला पाहिजे का लाकडाला?" हे पहिलं विचारलं आणि "दहा इंची आहे, बारा इंची आहे, मूठ वेगळी घ्यावी लागेल" हे दुसरं, की झालं. दहा इंची हाफ राउंड, एका बाजूने सपाट एका बाजूने फुगीर, साडेतीनशे रुपये आणि वर लाकडी मुठीचे तीस. मूठ न लावता वापरायची नाही हे इथेच सांगून ठेवतो, मागचं ते निमुळतं टोक तळव्यात घुसलं तर टाके पडतात.

तर ही रास्प लाकूड भराभर काढते, त्यात वाद नाही. कुऱ्हाडीला बाभळीचा दांडा करायचा, खाटेचा पाय जरा घासून बसवायचा, असल्या कामाला ती उत्तम आहे आणि मी आजही वापरतो. पण तिचे दात मशीनने पाडलेले, एकामागे एक बरोब्बर रांगेत, त्यामुळे मागचा दात पुढच्या दाताच्याच चरीतून जातो. एकाच तासात पुन्हा पुन्हा नांगर घातला तर जे होईल तेच लाकडावर होतं, तास खोल खोल जातो आणि मधला वरंबा तसाच राहतो. खुर्चीच्या हातावर नख फिरवलं की खर्रर्र वाजायचं. ते चरे घालवायला मी 60 नंबरचा पॉलिश पेपर घेतला, मग 80, मग 120, दोन संध्याकाळी त्यात गेल्या, आणि चरे गेले तोवर वळणाची जी कड असते, जिथे वरचा सपाट भाग संपून गोलाई सुरू होते ती रेघ, तीच पुसली गेली. शेजारच्या जुन्या हातावर ती रेघ इतकी स्वच्छ होती की ज्याने कोणी तो केला त्याचं मला फार कौतुक वाटलं, आणि माझा हात त्याच्या शेजारी वापरलेल्या साबणाच्या वडीसारखा दिसत होता.

मग मी हाताने दात पाडलेल्या रास्पच्या मागे लागलो.

या कशा करतात ते समजून घेण्यासारखं आहे. पाट्या-वरवंट्याला टाकी लावणाऱ्या बायका पूर्वी दारावर यायच्या ते ज्यांना आठवतं त्यांना लगेच कळेल. डाव्या हातात छिन्नी, उजव्या हातात हातोडी, टक टक टक, एकेक खड्डा, सगळा पाटा भरेपर्यंत. रास्प तशीच करतात, फक्त इथे दगडाऐवजी पोलाद असतं आणि खड्ड्याबरोबर जो पोलादाचा बारीकसा कंगोरा वर उठतो तो म्हणजे दात. पोलाद आधी तापवून घडवायचं, मऊ करून घ्यायचं, घासून आकार द्यायचा, मग टोकदार पंचने एकेक दात उठवायचा, आणि सगळे दात झाले की शेवटी पाणी द्यायचं, म्हणजे तापवून एकदम गार करायचं, की ते कडक होतात. एका रास्पवर असे शेकडो, बारीक असेल तर हजारो घाव. माणसाचा हात कितीही सरावलेला असला तरी प्रत्येक घाव केसभर इकडे तिकडे पडतोच, आणि सगळी गंमत त्या केसभरातच आहे. कुठलाही दात पुढच्याच्या चरीत जात नाही, त्याने ठेवलेला वरंबा हा काढतो. म्हणून लाकूडही पटकन निघतं आणि मागे पृष्ठभागही साफ राहतो.

हे काम अजून करणारी नाव घेण्यासारखी घरं फ्रान्समध्ये आहेत, दोन मुख्य, ऑरिऊ आणि लिओजिए. ऑरिऊचा कारखाना दक्षिण फ्रान्समध्ये तार्न भागात सँ-ज्युएरी गावी, ते आपली सुरुवात 1856 ची सांगतात, लिओजिए 1848 ची. दोघांकडेही दातांचा नंबर 1 पासून 15 पर्यंत असतो, 1 म्हणजे सगळ्यात जाड, 15 म्हणजे सगळ्यात बारीक. माझा मावसभाऊ लिआँला असतो, तो सुट्टीत येणार होता, त्याला ऑरिऊची दहा इंची कॅबिनेट रास्प, म्हणजे फर्निचरच्या कामाची, सांगितली, 9 नंबर. किंमत शंभर युरोच्या पुढे. हो, एका कानशीला. मी दोन महिने विचार केला आणि मग सांगितली. कोणाला आणायला सांगाल तर चेक-इनच्या बॅगेत टाकायला सांगा, एवढं लांब हत्यार केबिनमध्ये नेऊ देत नाहीत.

रास्प आल्या दिवशीच खुर्चीच्या हातासाठी दुसरा तुकडा शिकंज्यात लावला. जुन्या रास्पने जास्तीचं लाकूड काढून घेतलं, चरे सगळे दिसत होते, आणि त्यावर ही फिरवली. पहिला फरक आवाजात. जुनी खरखरते, ही स्स्स करते, पोळपाटावर पिठी पसरल्यासारखी. दुसरा फरक भुशात, जुनीच्या खाली जाडा रवा पडायचा, हिच्याखाली एकसारखा बारीक रवा पडत होता. आणि तिसरा म्हणजे मला वाटेल तिथे ती थांबत होती. वळणाच्या कडेपर्यंत जायचं आणि कडेला हात न लावता परत यायचं, हे जुन्या रास्पने जमतच नव्हतं कारण ती लाकडात अडकून उडी मारायची. वीस-पंचवीस फेऱ्यांत चरे दिसेनासे झाले. नंतर स्क्रेपर, म्हणजे लाकूड खरवडायची पोलादी पट्टी, आणि थेट 120 चा पेपर, तोही पाच मिनिटं. कड जशीच्या तशी राहिली. बाबा खुर्चीत बसले, दोन्ही हातांवर अंगठे फिरवले आणि "नवीन कुठला?" म्हणाले. त्यांना दिसत नीट नाही, पण बोटं सुताराची आहेत, आजोबांच्या हाताखाली दहा वर्षं काम केलंय त्यांनी.

आता नंबर आणि लांबीचं सांगतो कारण पैसे इथेच वाया जातात. लांब रास्पला जाड दात आणि आखूड रास्पला बारीक दात हे साधारण गणित. एकच घ्यायची असेल तर दहा इंची, 9 नंबर, हाफ राउंड. ती लाकूड काढतेही आणि साफही करते. जाड कामाला आपली बोहरी आळीची आहेच, त्यासाठी युरो घालवू नका. पुढे कधी दुसरी घ्यावीशी वाटली तर 13 नंबरची छोटी, सहा-सात इंची, टोकाला निमुळती. ती चमच्याच्या आतल्या गळ्याला, वीणेच्या किंवा गिटारच्या मानेला, अशा बारीक जागी जाते. सहाचा सेट अजिबात घेऊ नका, त्यातल्या चार पेटीत पडून राहतात.

डावखुऱ्या लोकांनी एक गोष्ट जरूर बघावी. हाताने दात पाडताना त्यांच्या ओळी जरा तिरक्या जातात, आणि तो तिरकेपणा उजव्या हाताच्या ढकलण्याला धरून असतो. ऑरिऊवाले डावखुऱ्यांसाठी उलट्या तिरक्या ओळींची रास्प वेगळी देतात. माझी मुलगी डावखुरी आहे, तिने माझी रास्प चालवली तर तिला ती एका बाजूला ओढल्यासारखी वाटली, आधी मला वाटलं तिची पकड चुकतेय, पकड बरोबरच होती. बारा वर्षांच्या पोरीला शाळेत कात्रीपासून सगळंच उजव्यांचं वापरावं लागतं, तिच्यासाठी कोणीतरी वेगळे घाव घालून हत्यार करतं हे कळल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

एवढे पैसे घालायचे नसतील तर? तर जपानी शिंटो रास्प घ्या, मनापासून सांगतो. ती खरं तर रास्प नाहीच, हॅक्सॉ ब्लेडसारखी पाती नागमोडी वाकवून एकमेकांना रिव्हेट केलेली असतात, मधे जाळी राहते त्यामुळे भुसा अडकतच नाही. एका बाजूला जाड दात, दुसऱ्या बाजूला बारीक. मला ती इथेच ऑनलाइन तीन हजारांच्या आत मिळाली आणि बाहेरच्या गोलाईला, दांड्याला, टेबलाच्या कडा मारायला तिच्यासारखं काही नाही. फक्त ती दोन्हीकडून सपाट आहे, म्हणजे आतल्या वळणात, पळीच्या खोलगट भागात ती जाणार नाही, तिथे हाफ राउंडच पाहिजे. अमेरिकन निकल्सनच्या 49 आणि 50 नंबरच्या रास्पचं नावही खूप ऐकाल, 49 जाड, 50 बारीक, मशीनच्याच पण दातांच्या ओळी मुद्दाम वेड्यावाकड्या केलेल्या, ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, करणारे लोक वर्षानुवर्षं त्याच वापरत आलेत. जुन्या, न वापरलेल्या कुठे मिळाल्या तर सोडू नका. आणि श्रीखंडावर जायफळ किसायची ती लांब बारीक किसणी घरी असेल ना, मायक्रोप्लेनची, तीही मुळात सुतारकामासाठीच निघाली होती. 1994 मध्ये कॅनडातल्या एका बाईंनी नवऱ्याच्या दुकानातली रास्प घेऊन केकसाठी संत्र्याची साल किसली आणि ती स्वयंपाकघरात गेली. लाकडावर ती मऊ जातीला, सावर किंवा आंब्याला चांगली चालते. शिसवाला नको.

आपल्याकडच्या मालाबद्दल एक बोलायचंय. कानशी करण्यात आपण मागे नाही, जे के फाइल्सचे कारखाने रत्नागिरी आणि चिपळूणला आहेत आणि तिथला माल जगभर जातो. पोलाद आहे, पाणी देणारे हात आहेत, टाकी लावणारे हात तर पिढ्यानपिढ्यांचे आहेत. हाताने दात पाडलेली लाकडाची रास्प कोणी इथे करायला घेतली तर मी पहिल्या दिवशी पैसे भरायला तयार आहे, आणि माझ्यासारखे बरेच निघतील.

दुकानातून घेणार असाल तर खिशात सागाचा एक तुकडा घेऊन जा. दुकानदार कुरकुर करत नाहीत, त्यांना उलट बरं वाटतं की गिऱ्हाईकाला कळतं. आधी रास्प डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून एका टोकाकडून दुसरीकडे बघा, पाणी देताना पोलाद वाकतं आणि वाकलेली रास्प सपाट भाग कधीच सपाट करत नाही. मग उजेडात तिरकी धरा, दातांची टोकं चमकत असतील तर ती बोथट आहेत, धारदार टोकावर उजेड थांबत नाही. कडेपर्यंत दात आहेत का ते बघा, स्वस्त मालात कडेला एक पट्टी कोरी सुटते आणि कोपऱ्यात शिरायचं असतं तेव्हा नेमकी तीच आडवी येते. मी एकदा घाईत न बघता घेतलेली निम्म्या भागात मऊ निघाली, पाणी नीट बसलेलं नव्हतं, बाभळीवर दोन दिवसांत दात आडवे झाले आणि बदलून मिळाली नाही.

वापरताना दोन्ही हात लावा, एक मुठीवर एक टोकावर, पुढे जाताना दाब द्या आणि परत येताना उचला. खरवडत मागे ओढली तर दात मागून मोडतात. लाकडाच्या रेषा ज्या बाजूला उतरतात त्या बाजूला चालवा, आणि कडेवरून बाहेर पडायचं असेल तर आधी ती कड हलकीशी मारून घ्या, नाहीतर पलीकडून चिरफळी उडते, शिसवाची तर हमखास. भुसा नायलॉनच्या ब्रशने झाडायचा, तारेचा ब्रश नको. चिकट लाकडाचा डिंक बसला तर स्पिरिटमध्ये थोडा वेळ ठेवा, सुटतो.

आणि पेटीत इतर हत्यारांबरोबर टाकू नका. लोखंडाला लोखंड घासलं की दात गेले, मग ती साडेतीनशेची असो की युरोची. आईने जुन्या जीन्सचा पाय कापून त्याला मशीनवर कप्पे घालून दिलेत, एका कप्प्यात एक रास्प, गुंडाळून नाडी बांधायची. पावसाळा सुरू झाला की तिच्याच शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब फडक्यावर घेऊन सगळ्यांवर टिपतो. डाव्या हाताच्या रास्पसाठी तिने एक कप्पा आत्ताच रिकामा ठेवलाय, मावसभाऊ मे महिन्यात येतोय.