पोतोसीची टाकसाळ: चांदीच्या कारागिराने बघितलेली

हुपरीत चाळीस वर्षं चांदीचं काम करतोय. वडील पैंजण करायचे, मीही तेच करतो. मुलगी-जावई चिलीत सँतियागोला असतात. तिकडे जायचं ठरलं तेव्हा मुलीने विचारलं, "आबा, काय काय बघायचंय?" समुद्र नको, बर्फ नको, मला पोतोसीची टाकसाळ दाखव, एवढंच मी सांगितलं. त्यासाठी बोलिव्हियात वेगळा प्रवास करावा लागला आणि तो केला ते फार बरं झालं.

पोतोसी शहर चार हजार मीटरच्या वर आहे. पहिल्या दिवशी दहा पायऱ्या चढल्या की छाती भरून येत होती. हॉटेलवाल्या बाईंनी कोकाच्या पानांचा चहा दिला, त्याने थोडं हलकं वाटलं. एक दिवस नुसता आराम करा, मगच टाकसाळीत जा.

टाकसाळीचं नाव कासा नॅसिओनाल दे ला मोनेदा. स्पॅनिश राजवटीत इथे १५७० च्या दशकापासून नाणी पडत होती. आज आपण बघतो ती दगडी इमारत १७५९ ते १७७३ या काळात बांधली. भिंती किल्ल्यासारख्या जाड आणि आत भर दुपारी गारठा. गाईडबरोबरच आत सोडतात. आमचा गाईड स्पॅनिशमध्ये सांगत होता आणि मुलगी मराठीत.

ज्याच्यासाठी गेलो होतो ती पत्रा काढायची यंत्रं बघून मी खरोखर हरखलो. सगळी लाकडी, स्पेनहून आणलेली. खालच्या मजल्यावर खेचरं गोल फिरायची. मधला उभा खांब छतातून वर गेलेला, वर माणसाच्या उंचीहून मोठी दातेरी चाकं आणि त्यांच्या जोरावर फिरणारे रूळ. दोन रुळांच्या फटीतून चांदीची लगड घालायची, प्रत्येक फेरीला फट कमी करायची. आमच्या मिलमध्ये हेच चालतं, फक्त खेचरांच्या जागी मोटर आहे. पत्र्याला मधेमधे ताव दिला नाही, म्हणजे तापवून मऊ केलं नाही, तर कडेला चिरा पडतात, हेही तिथे तसंच असणार. चाकाचे दाते एकाच बाजूने झिजून गुळगुळीत झालेत. मी ते बराच वेळ बघत उभा राहिलो. या टाकसाळीत आफ्रिकेतून धरून आणलेले गुलामही राबत होते. कामाचा जोर कुणाच्या अंगातून निघत होता, ते त्या खालच्या मजल्यावर उभं राहिलं की कळतं.

यंत्रं यायच्या आधीची नाणी काचेत आहेत. हाताने कापलेली, वेडीवाकडी, हातोड्याने छाप मारलेली. मोठं आठ रियालचं नाणं साधारण २७ ग्रॅमचं, टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, ९३ टक्क्यांच्या आसपास. जगभर चालायचं ते याच टंचाच्या भरवशावर. आणि तोच भरवसा इथे मोडला होता. फ्रान्सिस्को गोमेझ दे ला रोचा नावाच्या चांदीच्या व्यापाऱ्याने टाकसाळीतल्या लोकांना हाताशी धरून नाण्यात तांबं वाढवलं. १६४९ मध्ये चौकशी लागली, पुढच्या वर्षी त्याला देहदंड झाला. युरोपात पोतोसीचं नाणं कुणी घेईना, म्हणून १६५२ पासून छापच बदलला: दोन खांब आणि खाली समुद्राच्या लाटा. हे ऐकताना मला आमची पेठ आठवली. एकदा टंचात खोट निघाली की त्या घराचा माल पुन्हा कुणी हातात धरत नाही.

ही चांदी शेजारच्या सेर्रो रिको डोंगरातली. १५४५ मध्ये ती सापडली आणि १५७० च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदोने 'मिता' लावली. ठरवून दिलेल्या प्रांतांमधल्या दर सात पुरुषांतल्या एकाने पाळीने खाणीत यायचं. दर वर्षी तेरा हजारांवर माणसं यायची, बायकापोरांसकट, लांबलांबच्या गावांतून. चांदी सुटी करायला खनिज दळून त्यात मीठ आणि पेरूतल्या वांकाव्हेलिकाच्या खाणीतला पारा घालायचे आणि तो राडा पायांनी तुडवायचे. पूर्वी आमच्याकडेही पारा वापरून सोन्याचा मुलामा देत. पाऱ्याची वाफ विषारी, म्हणून वडील त्या भट्टीजवळ मला उभंही राहू देत नसत. इथे माणसं त्यात अनवाणी चालत होती. त्या दालनात मला पुढे काही विचारवलं नाही.

धर्मचित्रांची दालनं मी भराभर उरकली. एक चित्र मात्र चुकवू नका. त्यात मेरी मातेचा झगा म्हणजेच तो डोंगर आहे, वर फक्त चेहरा आणि हात.

चांदी इथून लामांच्या पाठीवरून समुद्राला लागायची, मग पनामामार्गे सेव्हिलला. मेक्सिकोची चांदी आकापुल्कोहून मनिलाला आणि तिथून चीनला जायची. युरोपात पोचलेली बरीच चांदी व्यापारातून पुढे सुरतेला उतरायची. मोगल टाकसाळीत परकी नाणी आटवून त्यांचे रुपये पाडत. त्या रुपयांचे दागिने झाले, दागिन्यांची मोड झाली, मोड पुन्हा मुशीत गेली. चांदी कधी संपत नाही, नुसता आकार बदलते. माझ्या मुशीतून चाळीस वर्षांत या डोंगराची किती चांदी गेली असेल, हा विचार तिथून निघाल्यापासून डोक्यातून गेलेला नाही.

एक तक्रार आहे, ती गावातल्या एका टूर एजन्सीबद्दल. त्यांनी टाकसाळ आणि खाण एकाच दुपारी गळ्यात मारली. टाकसाळ दीड तासात उरकायला लावली आणि खाणीकडे नेताना कामगारांना द्यायला कोका पानं नि डायनामाइट विकत घ्या म्हणाले. आजही तिथे माणसं धुळीत राबताहेत. त्यांना बघायला तिकीट काढून जाणं मला पटलं नाही, मी बाहेरच थांबलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढून टाकसाळ नीट बघितली. तुम्ही थेट टाकसाळीतच जा, तीन तास हाताशी ठेवा, अंगात स्वेटर असू द्या आणि मिताबद्दल आवर्जून विचारा.

दुसऱ्या दिवशीही गाईड तोच होता. मी चांदीचा कारागीर आहे हे मुलीने सांगितल्यावर त्याने विचारलं, एका पैंजणाच्या जोडीला किती चांदी लागते? मी म्हटलं, दीडशे ग्रॅम धरा. त्याने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, "म्हणजे साडेपाच नाणी, सेन्योर."