शेवटच्या आजारातली सेवा: हॉस्पिस, घरी येणारे पथक की खासगी केअर सेंटर?

कर्करोग हाडांत किंवा यकृतात पसरला आहे, केमोथेरपीचा आता उपयोग नाही, यापुढे रुग्णाला त्रास होणार नाही एवढेच पाहायचे, असे डॉक्टरांनी सांगितले की कुटुंबाच्या हाती डिस्चार्ज कार्ड, औषधांची चिठ्ठी आणि कुणीतरी दिलेले दोन-तीन फोन नंबर उरतात, आणि पुढची व्यवस्था चार-सहा दिवसांत ठरवावी लागते. मुंबई-पुण्यात अशा वेळी साधारणपणे तीन पर्याय समोर येतात: धर्मादाय तत्त्वावर चालणारे हॉस्पिस (बरे न होणाऱ्या रुग्णांना ठेवून त्यांची सेवा करणारी संस्था), घरी येणारे पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे आजार बरा करण्यापेक्षा वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांचे पथक, आणि पैसे घेऊन रुग्णाला ठेवून घेणारे खासगी केअर सेंटर. तिघांची माहितीपत्रके जवळजवळ एकाच भाषेत लिहिलेली असतात. म्हणून पुढची तुलना मुख्यतः एका प्रश्नाच्या आधारे केली आहे: रात्री दोन वाजता वेदना उसळली, तर या ठिकाणी नेमके काय होते?

भारतातले पहिले हॉस्पिस, म्हणजे शांती आवेदना सदन, डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ साली वांद्र्याला सुरू केले. गोव्यात लोटली येथे आणि दिल्लीतही त्याच्या शाखा आहेत. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून चालते. दोन्हीकडे सेवा विनामूल्य आहे आणि दोन्ही संस्थांचा भर कर्करोगाच्या रुग्णांवर आहे. वारज्याच्या केंद्रात रुग्णाबरोबर घरचे माणूस राहते, ड्रेसिंग कसे करायचे, राईल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात घातलेल्या नळीतून) कसे भरवायचे, औषधांच्या वेळा कशा सांभाळायच्या हे शिकते, आणि त्रास आटोक्यात आला की पुष्कळ रुग्ण घरी परततात. हॉस्पिसमध्ये एकदा नेले की माणूस परत येत नाही, हा समज आपल्याकडे फार घट्ट बसला आहे आणि त्यापायी कित्येक रुग्ण टाळता येण्याजोग्या वेदना आठवडेच्या आठवडे सोसतात, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

घरी येणाऱ्या पथकांत टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या पॅलिएटिव्ह मेडिसिन विभागाचे, तिथे नोंद असलेल्या मुंबईतल्या रुग्णांकडे जाणारे पथक आहे. शिवाय जिमी एस. बिलिमोरिया फाउंडेशनची पॅलकेअर ही संस्था मुंबईत घरोघरी जाऊन विनामूल्य सेवा देते. खासगी केअर सेंटरच्या बाबतीत असे सरसकट काही सांगता येत नाही. काहींची महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली रीतसर नोंदणी असते आणि तिथे प्रशिक्षित डॉक्टर असतात. काही मूळचे वृद्धाश्रम असून त्यांनी दोन खोल्यांत फाउलर बेड (डोके-पाय वर-खाली करता येणारी रुग्णालयातली खाट) आणि ऑक्सिजनचे यंत्र ठेवून बाहेर पाटी बदललेली असते. तेव्हा खासगी केंद्रात शिरताना पहिली चौकशी नोंदणी क्रमांकाची करावी.

वेदना

तुलनेचा खरा निकाल इथे लागतो, म्हणून या मुद्द्यावर थोडे थांबतो. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन हे जगभर मान्य असलेले, स्वस्त आणि घरी देता येण्याजोगे औषध आहे. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यामुळे ते रुग्णालयांना मिळवणे पूर्वी फार जिकिरीचे होते, कारण एकाच औषधासाठी वेगवेगळे परवाने लागत आणि एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती पडत नसे. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांसह सहा औषधे अत्यावश्यक अमली औषधे ठरवली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एकच मान्यता पुरेशी केली. म्हणून कोणत्याही सेवेला विचारायचा पहिला वैद्यकीय प्रश्न असा: तुमच्याकडे ही मान्यता आहे का, आणि आज तुमच्या कपाटात मॉर्फिनच्या गोळ्या आहेत का?

जुनी हॉस्पिस या प्रश्नाला लगेच आणि सरळ उत्तर देतात. घरी येणाऱ्या चांगल्या पथकांकडे एक तर स्वतःची मान्यता असते किंवा एखाद्या मान्यताप्राप्त रुग्णालयातून गोळ्या मिळवून देण्याची ठरलेली पद्धत असते. ती पद्धत काय, गोळ्या आणायला कुणी आणि किती दिवसांनी जायचे, हे पहिल्याच भेटीत समजून घ्यावे. खासगी केंद्रांत मात्र अनेकदा उत्तर मिळते की आम्ही ट्रॅमाडॉल देतो, लागलेच तर पेंटाझोसिनचे इंजेक्शन देतो. ट्रॅमाडॉल मध्यम वेदनेसाठी ठीक आहे, पण दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर त्याचा डोस वाढवता येत नाही, आणि हाडांत पसरलेला कर्करोग त्या मर्यादेपाशी थांबत नाही. पेंटाझोसिनचा परिणाम थोडा वेळ टिकतो आणि मॉर्फिन चालू असलेल्या रुग्णाला ते दिले तर मॉर्फिनचा गुण कमी होऊ शकतो. हे उत्तर ऐकल्यावर खोली कितीही हवेशीर असली तरी तीव्र वेदना असलेल्या रुग्णासाठी ते केंद्र मी निवडणार नाही.

मॉर्फिन आहे एवढ्यावरही समाधान मानू नये. ते कसे दिले जाते हे केस पेपरवर दिसते. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, त्यामुळे ती घड्याळ लावून दर चार तासांनी द्यावी लागते; ‘दुखेल तेव्हा’ असा शेरा असेल तर रुग्णाने आधी विव्हळायचे आणि मग गोळी यायची, असा त्याचा अर्थ होतो. जाणकार ठिकाणी चार्टवर सहा, दहा, दोन, सहा अशा वेळा लिहिलेल्या असतात, रात्री दहाचा डोस पुष्कळदा दुप्पट असतो म्हणजे मध्यरात्री उठवावे लागत नाही, मधेच वेदना उसळली तर द्यायचा जादा डोस वेगळ्या ओळीत असतो, आणि मॉर्फिनच्या जोडीला बद्धकोष्ठाचे औषध पहिल्या दिवसापासून लिहिलेले असते. ही शेवटची ओळ मी मुद्दाम शोधतो. मॉर्फिनने बद्धकोष्ठ जवळजवळ हमखास होते, आणि रेचक न लिहिणाऱ्या डॉक्टरांनी मॉर्फिन फारसे वापरलेले नसते. फेंटानिलच्या, त्वचेवर चिकटवायच्या पट्टीचेही तसेच आहे: ती साधारण तीन दिवस चालते, पण परिणाम सुरू व्हायला बारा तासांहून अधिक वेळ लागू शकतो, त्यामुळे आज रात्रीच्या कळेवर पट्टी लावून ‘आता बरे वाटेल’ म्हणणाऱ्या ठिकाणी सावध राहावे.

रात्र

हॉस्पिसमध्ये रात्री सिस्टर वॉर्डमध्ये असते आणि जादा डोस देण्याची लेखी सूचना तिच्या हाताशी असते, त्यामुळे या निकषावर हॉस्पिस सर्वांत पुढे आहे. घरी येणाऱ्या पथकाची हीच सर्वांत कच्ची बाजू असते. पुष्कळ पथके आठवड्यातून एक-दोन वेळा, सोमवार ते शनिवार, दिवसा येतात. रात्रीचा फोन कोण उचलतो, ते डॉक्टर असतात की निरोप घेणारे कुणी, हे आधी विचारावे आणि शक्य तर एखाद्या रविवारी संध्याकाळी फोन करून पाहावे. एक गोष्ट मात्र पथकाच्या बाजूने सांगितली पाहिजे. माझ्या मावशीच्या घरी येणाऱ्या सिस्टरने पहिल्याच भेटीत फ्रीजच्या दारावर एक कागद चिकटवला होता. त्यावर कळ आली तर कोणती गोळी, किती आणि किती वेळाने पुन्हा. धाप लागली तर खिडकी उघडून, पंखा चेहऱ्याकडे करून कसे बसवायचे. आणि कोणत्या लक्षणाला फोन करायचा, एवढेच मोठ्या अक्षरांत लिहिले होते. त्या कागदामुळे काकांना मध्यरात्री फोन करायची गरज क्वचितच पडली. असा कागद लिहून देणारे पथक, रात्री न येताही, रात्रीची सोय करून जाते.

खासगी केंद्रात रात्री नर्स असते की ब्युरोकडून (माणसे पुरवणाऱ्या संस्थेकडून) आलेली, नर्सिंगचे शिक्षण नसलेली मदतनीस ‘मावशी’, हे प्रत्यक्ष रात्री आठ-नऊनंतर जाऊन पाहावे. मावशी प्रेमाने करते, पण मॉर्फिनचा डोस ठरवणे तिचे काम नाही, आणि डॉक्टर ‘ऑन कॉल’ असतील तर ते रात्री प्रत्यक्ष येतात की रुग्णाला जवळच्या रुग्णालयाच्या आयसीयूत पाठवायला सांगतात, याचे उत्तर आधीच घेऊन ठेवावे.

अंग आणि जखमा

बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम, हा सेवेचा लपवता न येणारा पुरावा आहे. रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून दिली जाते का, एअर मॅट्रेस चालू आहे की नुसती अंथरलेली आहे, माकडहाड आणि टाचा रोज पाहिल्या जातात का, हे कोणत्याही भेटीत दहा मिनिटांत कळते. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगाच्या उघड्या जखमेला येणारी दुर्गंधी रुग्णाला वेदनेइतकीच छळते, कारण तिच्यामुळे नातवंडे जवळ येईनाशी होतात. मेट्रोनिडाझोल या जंतुनाशक औषधाच्या गोळ्यांची पूड जखमेवर वापरून ही दुर्गंधी बरीच कमी करता येते, आणि हा साधा उपाय जुन्या हॉस्पिसच्या सिस्टरना पाठ असतो. खोलीत नुसते सुगंधी फवारे मारले जात असतील, तर जखमेकडे कुणी नीट पाहिलेले नाही असे समजावे.

बोलणे

रुग्णाला सगळे सांगायचे की नाही, यावर आपल्या घरांत मतभेद असतात आणि ‘त्यांना काही सांगू नका’ ही विनंती प्रत्येक डॉक्टरच्या ओळखीची आहे. चांगली सेवा ही विनंती झिडकारत नाही आणि डोळे झाकून पाळतही नाही. रुग्णाला स्वतःला किती जाणून घ्यायचे आहे, हे ती आधी त्यालाच हळूहळू विचारते. दुसरी खूण सलाईनची. शेवटच्या दिवसांत जेवण थांबले की नातेवाईक सलाईन लावायचा आग्रह धरतात. काही खासगी केंद्रे ते निमूटपणे लावतात आणि बिलात जोडतात. जाणकार डॉक्टर खुर्ची ओढून बसतात आणि सांगतात की या अवस्थेत शरीर पाणी पेलत नाही, सूज आणि छातीतली घरघर वाढू शकते, त्यापेक्षा ओल्या कापसाने ओठ आणि तोंड ओले ठेवा.

आयसीयूत न्यायचे का, व्हेंटिलेटर लावायचा का, हेही दाखल करतानाच विचारले गेले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला (शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला) मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. आता ते दोन साक्षीदारांसमोर करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते. या विषयाचा उल्लेखही न करणाऱ्या संस्थेने शेवटच्या दिवसाचा विचार केलेला नसतो.

पैसे आणि कागद

धर्मादाय हॉस्पिसमध्ये खर्चाचा प्रश्न जवळजवळ नसतो. तिथली अडचण जागेची आणि आजाराच्या अटीची असते, त्यामुळे बायोप्सीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्डे आणि ‘आता बरे करणारे उपचार शक्य नाहीत’ असे डॉक्टरांचे पत्र एका फाइलमध्ये तयार ठेवावे. खासगी केंद्रात महिन्याच्या दरात औषधे, डायपर, ड्रेसिंग, ऑक्सिजन आणि डॉक्टरांची फी येते की वेगळी लावली जाते, आणि रुग्ण महिन्याच्या मधेच गेला तर अनामत रक्कम कशी परत मिळते, हे लेखी घ्यावे. नोंदणीकृत शुश्रूषागृहांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावावी, असे राज्याचे २०२१ चे नियम सांगतात. ती भिंतीवर आहे का ते पाहावे.

घरी सेवा घेणाऱ्यांनी एक कागद विसरू नये. रुग्णालयातल्या मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र फॉर्म ४ वर मिळते, घरी झालेल्या मृत्यूसाठी फॉर्म ४-अ लागतो, आणि तो आजारपणात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी भरायचा असतो. पहाटे चार वाजता कुटुंबातले माणूस गेलेले असताना कधीही न पाहिलेल्या डॉक्टरच्या दारात उभे राहावे लागणे फार क्लेशाचे असते. म्हणून पथकाला पहिल्याच भेटीत विचारावे: तुम्ही ४-अ देता का, आणि रात्री कोण येऊन देईल? जे पथक याला स्पष्ट ‘हो’ म्हणते, ते इतर बाबतींतही शेवटपर्यंत सोबत राहण्याची शक्यता अधिक असते.

कुणी काय निवडावे

वेदना, उलट्या किंवा जखम हाताबाहेर गेली असेल तर आधी हॉस्पिसमध्ये काही दिवस दाखल व्हावे आणि त्रास आटोक्यात आला की घरी येणाऱ्या पथकाच्या भरवशावर घरी परतावे, हा मार्ग कर्करोगाच्या रुग्णासाठी मला सर्वांत चांगला वाटतो. घरात दिवसभर थांबणारे एक धडधाकट माणूस आणि रात्री फोन उचलणारे पथक, या दोन्ही गोष्टी असतील तर सुरुवातीपासूनच घर निवडायला हरकत नाही. मुले परदेशी आहेत, घरात जोडीदारही ऐंशीच्या घरातला आहे, किंवा आजार कर्करोग नसून पक्षाघात, स्मृतिभ्रंश अथवा मूत्रपिंड निकामी होणे हा आहे, अशा घरांना बहुधा खासगी केंद्राकडेच वळावे लागते. त्यांनी मॉर्फिनची मान्यता, रात्रीची नर्स आणि नोंदणी क्रमांक या तीन गोष्टींवर तडजोड करू नये, आणि बाहेरच्या पॅलिएटिव्ह केअर डॉक्टरांना तिथे येऊन रुग्ण तपासू देतात का, हेही विचारावे. मुंबई-पुण्याबाहेरच्या कुटुंबांनी जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरचा कक्ष आहे का याची आधी चौकशी करावी, कारण २०१२ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली काही जिल्ह्यांत असे कक्ष सुरू झाले आहेत.

निवड केल्यावरही तिसऱ्या दिवशी रुग्णाला, नातेवाईकाला नव्हे, विचारावे की काल रात्री झोप लागली का आणि शून्य ते दहांत वेदना किती होती. सलग दोन रात्री झोप नसेल आणि औषधांच्या चार्टमध्ये काहीच बदललेले नसेल, तर दुसऱ्या ठिकाणी फोन लावायला संकोच करू नये.