ओटीपोटातल्या व्हेरिकोज व्हेन्स: एम्बोलायझेशनचा (शीर आतून बंद करण्याचा) माझा अनुभव

दिवसभर फळ्यासमोर उभं राहिलं की संध्याकाळी ओटीपोट इतकं जड व्हायचं, की घरी आल्याआल्या आडवं पडावं लागे. दुसऱ्या बाळंतपणानंतरचं हे दुखणं. 'सोनोग्राफी नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका' हे ऐकून ऐकून मी बोलणंच सोडलं होतं. शेवटी एका गायनॅकबाईंनी डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करायला लावली: डावी ओव्हेरियन व्हेन, म्हणजे अंडाशयाची शीर, 9 मिमी फुगलेली, झडपा निकामी, रक्त उलटं खाली साचत होतं.

पुण्यातल्या ज्या इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी (स्कॅनच्या मदतीने, मोठी चिरफाड न करता उपचार करणाऱ्या) विभागात उपचार झाले, त्यांना पैकीच्या पैकी गुण. मानेपाशी तेवढ्यापुरती भूल देऊन बारीक कॅथेटर (लवचिक नळी) शिरेत घातला, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत डाव्या किडनीच्या शिरेतून खाली नेला, औषधाचा फोम सोडला आणि कॉइल्सनी (धातूच्या बारीक वेटोळ्यांनी) शीर बंद केली. टाका एकही नाही. फोम सोडताना जोराची कळ आली, तेव्हा सिस्टरनी माझा हात सोडला नाही. संध्याकाळी घरी! नंतर थोडे दिवस पाळीसारखं दुखेल, हे डॉक्टरांनी आधीच नीट समजावलं होतं.

विम्याच्या कॅशलेस मंजुरीने मात्र जीव खाल्ला. कागदपत्रं आधीच तयार ठेवा. आणि बायांनो, उभं राहिल्यावर दुखणं वाढत असेल तर डॉक्टरांना डॉपलरबद्दल स्पष्ट विचारा.